क्रोशे शिकताना आधी टाका ओळखायला शिका

क्रोशे हा मूळचा फ्रेंच शब्द. अर्थ छोटा आकडा. एक आकड्याची सुई, एक सलग दोरा आणि एका लूपमधून दुसरा लूप ओढून काढणं, एवढ्यावर हे सगळं विणकाम उभं आहे. दोन सुयांच्या विणकामात अख्ख्या ओळीचे टाके एकाच वेळी सुईवर असतात. एखादा निसटला की खालपर्यंत ओघळत जातो. क्रोशात टाका पूर्ण झाला की सुईवर एकच लूप उरतो. चुकलं तर सुई काढायची, दोरा ओढून चुकीपर्यंत उसवायचं, उरलेल्या लूपमध्ये सुई घालायची आणि पुढे चालू लागायचं. त्यामुळे नवशिक्याला याची भीती बाळगायचं कारण नाही.

तरीही माणसं अडकतात, आणि ती हातापेक्षा डोळ्यांमुळे जास्त अडकतात. सुई फिरवण्याची हालचाल दोन-तीन दिवसांत बसते. पण ओळीतला पहिला टाका कुठला, शेवटचा कुठला, आत्ता विणलेला टाका वरून कसा दिसतो हे कळलं नाही, तर चौकोन विणायला घेतला की त्रिकोण होतो. म्हणून खालचा सगळा क्रम टाका दिसावा या हिशेबाने लावला आहे.

लोकर आणि सुई

लोकर फिक्या रंगाची, एकरंगी, गुळगुळीत आणि मध्यम जाडीची घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके दिसतच नाहीत. केसाळ लोकरीत तर दिसतही नाहीत आणि उसवतही नाहीत, कारण तंतू एकमेकांत अडकतात. अनेक रंग मिसळलेली लोकर दुकानात मोहात पाडते, पण पहिल्या महिन्यात ती नको.

पुष्कळ गुंड्यांच्या वेष्टनावर 0 ते 7 असा जाडीचा क्रमांक छापलेला असतो. तुम्हाला 4 क्रमांकाची हवी. तिला 5.5 मिलिमीटरची सुई घ्या. 3 क्रमांकाची मिळाली तर 4.5 मिलिमीटर. वेष्टनावर सुईचा आकारही सुचवलेला असतो, तो पाहा. 100 ग्रॅमचा एक गुंडा या लेखातल्या सगळ्या सरावाला पुरतो. ॲक्रिलिक लोकर थोडी ताणली जाते, म्हणून शिकताना सोयीची. सुती दोऱ्यात टाका स्वच्छ दिसतो, पण तो ताणत नसल्यामुळे हात लवकर दमतो. घरात जुनी बारीक स्टीलची सुई आणि लेसचा दोरा पडलेला असेल, तर तो तसाच राहू द्या. ते साहित्य सरावलेल्या हाताचं.

सुईचा आकार तिच्या दांड्याच्या जाडीवरून ठरतो, आकड्याच्या टोकावरून किंवा मागच्या मुठीवरून नाही. ॲल्युमिनियमची सुई सुरुवातीला उत्तम, कारण लोकर तिच्यावरून सहज सरकते. लाकडी सुई सरकण कमी करते. लूप सारखा निसटत असेल तर तिचा उपयोग होतो. स्वस्त प्लास्टिकची बारीक सुई मात्र जोर लावला की वाकते.

याशिवाय कात्री, मोठ्या नेढ्याची बोथट सुई, मोजपट्टी आणि टाक्याला खूण करायला चार-पाच सेफ्टी पिना. खुणेसाठी वेगळ्या रंगाच्या लोकरीचे बोटभर तुकडेही चालतात.

धरायचं कसं

सुई पेन्सिलसारखी बोटांत धरा किंवा सुरीसारखी मुठीत. दोन्ही बरोबर आहेत. मनगट ज्यात कमी वाकेल ती पद्धत तुमची. डावखुऱ्यांनी सुई डाव्या हातात धरून या लेखातलं उजवं-डावं उलटं वाचायचं. उजव्या हाताने शिकण्याचा अट्टहास करू नका.

लोकर दुसऱ्या हातात असते, आणि कापड एकसारखं येणार की नाही हे तोच हात ठरवतो. गुंड्याकडून येणारा दोरा करंगळीभोवती एकदा गुंडाळा, मधल्या दोन बोटांखालून न्या आणि तर्जनीवरून पुढे आणा. तर्जनी उभी ठेवा. अंगठा आणि मधलं बोट विणलेला भाग धरतात, सुईच्या अगदी जवळ. वीण वाढत जाईल तशी ही पकड वर सरकवत राहायची; चार बोटं खाली धरून विणलं की लूप ताणले जातात. दोरा फार घट्ट येत असेल तर करंगळीचा वेढा काढून टाका.

गाठ आणि साखळी

टोकाला 15 सेंटिमीटर दोरा सोडून एक लूप करा, त्यातून गुंड्याकडचा दोरा ओढून दुसरा लूप काढा, तो सुईवर चढवा आणि दोन्ही दोरे ओढून सैलसर बसवा. ही सरकती गाठ. सुई आत सहज मागेपुढे व्हायला हवी.

आता दोरा सुईवरून मागून पुढे घ्या, आकड्यात पकडा आणि सुईवरच्या लूपमधून बाहेर ओढा. झाली एक साखळी. लूप निघताना आकडा खाली वळवला तर तो अडकत नाही; पहिल्या दिवशीचा बहुतेक त्रास या एका वळणाने संपतो. साखळ्या मोजताना गाठ धरायची नाही आणि सुईवर असलेला लूपही धरायचा नाही.

तीस साखळ्या करा, उसवा, पुन्हा करा. साखळ्या घट्ट होतात त्याचं कारण ठरलेलं असतं: नवा लूप आकड्याजवळच्या निमुळत्या खाचेत राहतो आणि तिथेच आवळला जातो. तो दांड्याच्या पूर्ण जाडीवर सरकू द्या, मगच पुढची साखळी. तरीही पाया घट्ट येत असेल तर फक्त साखळीपुरती अर्धा मिलिमीटर मोठी सुई वापरा. घट्ट पायावर विणलेला तुकडा खालून आकसून धनुष्यासारखा वाकतो, आणि मग तो धुऊन किंवा ताणून सरळ होत नाही.

साखळी उलटसुलट करून नीट पाहा. पुढून इंग्रजी व्ही अक्षरांची रांग दिसते, मागून बारीक उंचवट्यांची. पहिली ओळ विणताना व्हीचा वरचा एक धागा उचलला तरी चालेल. मागचा उंचवटा उचलला तर खालची कड अधिक सुबक येते, पण सुरुवातीला तो शोधण्यातच जीव जातो. कुठलाही घ्या, फक्त ओळभर तोच घ्या.

नावांचा घोळ

टाक्यांची मराठी नावं सगळीकडे सारखी नाहीत. इथे त्यांचा अर्थ असा: सर्वांत बुटका विणीचा टाका तो मुका खांब, त्याहून उंच आणि सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन केलेला तो खांब, आणि या दोघांच्या मधला अर्धा खांब.

इंग्रजी नमुने वाचायला लागलात की वेगळीच पंचाईत होते. अमेरिकन पद्धतीत मुक्या खांबाला सिंगल क्रोशे आणि खांबाला डबल क्रोशे म्हणतात. ब्रिटिश पद्धतीत मुका खांब म्हणजे डबल क्रोशे आणि खांब म्हणजे ट्रेबल. नमुन्यात सिंगल क्रोशे हा शब्द आढळला तर तो अमेरिकन समजा. चिन्हांचे आराखडे या भांडणातून मोकळे असतात: लंबगोल म्हणजे साखळी, फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब, टी अक्षर म्हणजे अर्धा खांब, टीवर एक तिरकी रेघ म्हणजे खांब, दोन रेघा म्हणजे दोन वेढ्यांचा खांब, आणि ठिपका म्हणजे स्लिप स्टिच (जोडायचा टाका, तो पुढे येतो). शब्द समजत नसतील तर आराखडा शोधा.

पहिला तुकडा: 15 मुके खांब, 15 ओळी

16 साखळ्या करा. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुई घाला. दोरा पकडून बाहेर ओढा. सुईवर दोन लूप आले. पुन्हा दोरा घ्या आणि दोन्हीतून एकदम ओढा. हा मुका खांब. पुढच्या प्रत्येक साखळीत एकेक करत शेवटपर्यंत जा आणि मोजा. 15 भरले पाहिजेत.

आता एक साखळी घाला आणि काम पुस्तकाचं पान उलटावं तसं वळवा. वळणाची ही साखळी फक्त उंचीसाठी आहे, मुक्या खांबात ती टाका म्हणून धरत नाहीत. पहिला मुका खांब अगदी पहिल्याच टाक्यात येतो, वळणाच्या साखळीच्या पायाशी असलेल्या. विणलेल्या ओळीकडे वरून पाहिलं की पुन्हा व्हींची रांग दिसेल. एक व्ही म्हणजे एक टाका. सुई व्हीच्या दोन्ही धाग्यांखालून घाला. नकळत एकच धागा उचलला गेला तर कापडावर आडवी रेघ उमटते आणि वीण सैल पडते. मुद्दाम केलं तर ती छान नक्षी होते, पण मुद्दामच.

प्रत्येक ओळीत पहिला टाका विणला की लगेच त्याच्या व्हीमध्ये पिन अडकवा. पुढच्या ओळीत उलट येताना तोच तुमचा शेवटचा टाका असेल. तो कडेला किंचित मागे वळून लपतो आणि दहापैकी नऊ नवशिके तोच सोडतात. पिन असली की सोडता येत नाही. हा उपाय बालिश वाटला तरी पहिले तीन तुकडे पिनेशिवाय विणू नका. ओळ संपली की मोजा, दर ओळीला. पंधराव्या ओळीवर कळलेली चूक तिसऱ्या ओळीतली असेल तर बारा ओळी उसवाव्या लागतात.

टाक्याची उंची पहिला लूप किती वर ओढता यावर ठरते. सुई आत घालून दोरा बाहेर काढता, तो क्षण. तिथे लूप दाबून ठेवला तर टाका बुटका आणि घट्ट होतो, ओढून धरला तर लांबुडका. दर वेळी तो ओळीच्या वरच्या कडेपर्यंत आला की थांबायचं. कापड कुठे दाट, कुठे विरळ दिसत असेल तर हीच गोष्ट तपासा.

तुकडा चौरस झाला नाही म्हणून खट्टू होऊ नका. मुक्या खांबाची उंची रुंदीपेक्षा बहुधा थोडी कमी भरते, त्यामुळे 15 ओळींनंतर तो आडवा लांबट दिसणं साहजिक आहे. रुंदी मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सारखी हवी.

तुकडा वर निमुळता होत गेला तर शेवटचा टाका सुटतो आहे, किंवा वळल्यावर पहिला. वर पसरत गेला तर एका टाक्यात दोनदा सुई जाते आहे, नाहीतर वळणाच्या साखळीतही तुम्ही टाका घेता आहात. रुंदी बरोबर, पण सगळं कापड पुठ्ठ्यासारखं ताठ असेल तर चूक विणण्यात नाही, मापात आहे: अर्धा मिलिमीटर मोठी सुई घ्या.

खांब

17 साखळ्या करा. सुईवर आधी एक वेढा घ्या, मग सुईपासून चौथ्या साखळीत सुई घालून दोरा ओढा. सुईवर तीन लूप. दोरा घेऊन पहिल्या दोनांतून ओढा, दोन उरतील. पुन्हा दोरा घेऊन त्या दोनांतून ओढा. सोडलेल्या तीन साखळ्या मिळून पहिला खांब धरला जातो, म्हणून ओळ संपली की त्या धरून 15 खांब होतात.

मुक्या खांबाचा नियम इथे उलटतो, आणि बहुतेक गोंधळ इथलाच. वळताना 3 साखळ्या घालायच्या आणि त्या टाका म्हणून मोजायच्या. त्यामुळे पायाशी असलेला पहिला टाका सोडून दुसऱ्यापासून विणायचं, आणि ओळीचा शेवटचा खांब खालच्या ओळीच्या तीन साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या साखळीत घालायचा. ती साखळी टाक्यासारखी दिसत नाही, म्हणून पिन तिथेही हवी. 3 साखळ्यांच्या कडेला थोडी फट राहते. ती खटकत असेल तर 2 साखळ्या घाला, त्या मोजू नका आणि पहिल्याच टाक्यात खांब विणा. नमुना कुठला हिशेब धरतो ते मात्र आधी वाचा.

अर्धा खांब सोपा: एक वेढा घ्या, सुई घाला, दोरा ओढा आणि सुईवरच्या तिन्ही लूपमधून एकदम बाहेर. वळताना 2 साखळ्या.

स्लिप स्टिच म्हणजे सुई घालून ओढलेला दोरा थेट सुईवरच्या लूपमधूनही ओढून काढणं. उंची जवळजवळ शून्य. जोडायला किंवा एका जागेवरून दुसरीकडे सरकायला तो वापरतात.

गोल विणताना

सपाट ओळी जमल्या की वर्तुळ घ्या. 4 साखळ्या करून पहिल्या साखळीत स्लिप स्टिचने जोडा, कडं तयार होईल. त्या कड्यात 6 मुके खांब. मध्ये बारीक भोक राहील. ते नको असेल तर बोटाभोवती दोरा गुंडाळून सरकतं कडं करतात, त्यात टाके विणून टोक ओढलं की भोक मिटतं. पहिल्या दिवशी साखळीचं कडंच बरं.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे 12. तिसरीत एक साधा, एकात दोन, असे 18. चौथीत दोन साधे, एकात दोन, 24. दर फेरीला 6 वाढतात. खांबांनी विणलं तर 12 ने सुरुवात आणि दर फेरीला 12 ची वाढ, कारण टाका उंच असला की परीघ भराभर मोठा होतो. वाढ कमी पडली तर कडा उठून वाटी होते, जास्त झाली तर झालरीसारखी वळ्या पडतात. टोपी विणणारे पहिली चूक मुद्दाम करतात.

वाढीचे टाके दर फेरीला एकावर एक आले की वर्तुळाला सहा कोपरे फुटतात. गोलच हवं असेल तर एकाआड एक फेरीत वाढीची जागा पुढे सरकवा: चौथ्या फेरीत एक साधा, एकात दोन, मग एक साधा, असं सहा वेळा करा. बेरीज 24 च राहते, कोपरे पुसले जातात. न जोडता सर्पिलाकार विणत असाल तर फेरीच्या पहिल्या टाक्यात पिन ठेवा आणि दर फेरीला ती वर आणा, कारण फेरी कुठे सुरू झाली ते पिनेशिवाय ओळखता येत नाही.

पहिली खरी वस्तू: ग्रॅनी स्क्वेअर

ग्रॅनी स्क्वेअर म्हणजे मधून सुरू करून फेऱ्यांनी बाहेर वाढत जाणारा, खांबांच्या गटांचा चौकोन. यात सुई टाक्यात न घालता मोकळ्या जागेत घालायची असते, म्हणून तो दिसतो त्यापेक्षा सोपा आहे. 4 साखळ्यांचं कडं. 3 साखळ्या (हा पहिला खांब), कड्यातच 2 खांब, मग 2 साखळ्या. त्यानंतर 3 खांब आणि 2 साखळ्या, असं तीन वेळा. सुरुवातीच्या तीन साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या साखळीत स्लिप स्टिचने जोडा. चार गट, चार कोपरे.

दुसऱ्या फेरीआधी पुढच्या दोन खांबांवरून स्लिप स्टिच करत कोपऱ्याच्या जागेत या. तिथे 3 साखळ्या, 2 खांब, 2 साखळ्या, 3 खांब. मग 1 साखळी आणि पुढचा कोपरा: 3 खांब, 2 साखळ्या, 3 खांब. चारही कोपरे झाले की 1 साखळी घालून जोडा. गट 8. तिसऱ्या फेरीत कोपरे तसेच, आणि बाजूंवरच्या एका साखळीच्या जागेत 3 खांबांचा एकेक गट. एकूण 12 गट. दर फेरीला चार गट वाढतात, म्हणून चूक पाहायला टाके मोजायचीही गरज नाही, गट मोजले की पुरे. चौकोन फिरकीसारखा थोडा तिरका वळत गेला तर दर फेरीनंतर काम उलटा. बहुतेक वेळा तो सरळ बसतो.

टोकं आणि धुणं

शेवटच्या टाक्यानंतर 15 सेंटिमीटर ठेवून दोरा कापा आणि सुईवरच्या लूपमधून पूर्ण ओढून घ्या. गाठ मारून टोक कापलं तर गाठ पुढच्या बाजूला डोकावते आणि धुतल्यावर सुटते. टोक बोथट सुईत ओवून टाक्यांच्या आतून 4-5 सेंटिमीटर न्या, एक धागा सोडून उलट फिरा, मग तिसऱ्या दिशेला थोडं न्या. दिशा बदलल्यामुळेच ते धरून राहतं. टोकं साठवू नका. पंधरा चौकोनांची तीस टोकं एकदम ओवताना बऱ्याच जणांची हौस फिटते.

कडा वळल्या असतील तर तुकडा ओला करून, टॉवेलमध्ये दाबून, मऊ जागेवर मापात ताणून टाचण्यांनी बसवा आणि पूर्ण वाळू द्या. खऱ्या लोकरीला आणि सुती दोऱ्याला हे छान लागू पडतं. लोकर गरम पाण्यात चोळू नका, ती आटून नमद्यासारखी घट्ट होते. ॲक्रिलिक नुसत्या पाण्याने फारसं बधत नाही, त्याला वाफ लागते. इस्त्री कापडापासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरून वाफ द्या, टेकवू नका. जास्त उष्णता लागली की ॲक्रिलिकचे तंतू कायमचे मऊ पडतात, कापड लुळं होऊन लोंबतं आणि पुन्हा पूर्वीसारखं होत नाही. म्हणून आधी सरावाच्या त्या 15 टाक्यांच्या तुकड्यावर वाफ देऊन पाहा.